आमचं रक्त कुठं ठेवलंय? : रुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
रुग्णालय व्यवस्थापन समिती.

विषय : बुधवारची पोट-यकृत ओपीडी आणि तिच्यासोबत चालणारे संशोधन बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

एप्रिलमधल्या एका बुधवारी मी नेहमीप्रमाणे पहिल्या एसटीने रुग्णालयात आलो. पिशवीत अकरा वर्षांची फाइल होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता, कारण सोनोग्राफी उपाशीपोटी करायची असते. पोट-यकृत ओपीडीच्या दाराला कुलूप होते. दारावर एक टाइप केलेला कागद डकवला होता. ही ओपीडी सर्वसाधारण मेडिसिन ओपीडीत विलीन करण्यात आली आहे, तिच्याशी संबंधित संशोधनाचे काम थांबवण्यात आले आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी, एवढाच मजकूर आणि खाली सही-शिक्का. माझ्या मागे सातपुड्यातून आलेले एक पावरा आदिवासी जोडपे उभे होते. रात्री निघून, दोन गाड्या बदलून ते पोचले होते. नवऱ्याने विचारले, "सर, काय लिहिलंय?" मी वाचून दाखवले. तो थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मग आमचं रक्त कुठं ठेवलंय?"

त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही. त्यानंतर समितीकडे दोन लेखी अर्ज केले. पहिल्याला चार ओळींचे उत्तर आले, दुसऱ्याला पोच मिळाली. म्हणून हे पत्र आता सर्वांसमोर लिहीत आहे. रुग्णालयाचे, जिल्ह्याचे आणि आमच्या डॉक्टर मॅडमचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही आणि मॅडमनी मला हे पत्र लिहायला सांगितलेलेही नाही. हे पत्र माझे आहे आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी माझी आहे.

माझा या गोष्टीशी संबंध काय, ते आधी सांगतो. तापीकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे गणित शिकवले. बावन्नाव्या वर्षी गावच्या रक्तदान शिबिरात रक्त दिले आणि पंधरा दिवसांनी रक्तपेढीकडून बोलावणे आले. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी चा, म्हणजे यकृताला सूज आणणारा, विषाणू होता. मला कसलाही त्रास नव्हता. मी रोज सायकलवरून शाळेत जात होतो. घरी मात्र त्याच संध्याकाळी माझे ताट-वाटी वेगळी झाली. पुढच्या बुधवारी मॅडमनी माझ्या पत्नीला आत बोलावून शेजारी बसवले आणि सांगितले की, हा विषाणू एका ताटात जेवल्याने, एका तांब्यातून पाणी प्याल्याने, मुलांना कुशीत घेतल्याने पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला पसरतो. शिवाय त्यावर लस आहे आणि ती तुम्ही आज घ्यायची आहे. त्या रात्री माझे ताट पुन्हा घरच्या ताटांत आले. संशोधन म्हणजे काय असते, याची माझी पहिली ओळख ही.

दुसरी ओळख गणितातून झाली. यकृत किती कडक झाले आहे हे पाहण्याचे यंत्र आपल्याकडे नव्हते. मॅडमनी माझ्या केसपेपरच्या पाठीवर एक सूत्र लिहिले. एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. वयाला एसजीओटीने गुणायचे. प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे. "सर, तुम्हीच सोडवा," त्या म्हणाल्या. वय ५२, एसजीओटी ४८, प्लेटलेट १ लाख ५६ हजार, एसजीपीटी ६४. वर २४९६, खाली १५६ गुणिले ८ म्हणजे १२४८. उत्तर नेमके २ आले. हे सूत्र २००६ साली प्रसिद्ध झालेले आहे. उत्तर १.४५ च्या खाली आले तर यकृतात फारसे तंतू वाढलेले नसावेत, ३.२५ च्या वर गेले तर बरेच वाढलेले असावेत, आणि मी मधल्या पट्ट्यात होतो. मधल्या पट्ट्यातल्या माणसाचा आकडा वर सरकतो आहे की खाली, हे एका तपासणीत कळत नाही. सहा-सहा महिन्यांनी, वर्षानुवर्षे, एकाच वहीत, एकाखाली एक लिहिले तरच कळते. मॅडमच्या सगळ्या कामाचा पाया ही वही होती. अशी नऊ रजिस्टरे झाली होती.

आता माझ्या घरातले एक दुःख सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझी तक्रार नीट कळणार नाही. माझा विषाणू कळल्यावर मॅडमनी सगळ्या भावंडांना तपासायला बोलावले. जन्माच्या वेळी हा संसर्ग झाला तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो आणि मोठेपणी झाला तर बहुतेकांच्या शरीरातून निघून जातो. त्यामुळे भावंडांत एकाला असेल तर बाकीच्यांनाही आईकडून आलेला असू शकतो. आमची आई तोवर गेली होती. थोरले बंधू, ज्यांना सगळा गाव नाना म्हणायचा, आणि धाकटी बहीण, दोघांच्याही रक्तात विषाणू निघाला. नाना तीन वेळा आले. चौथ्या वेळी कपाशीची वेचणी होती. त्यानंतर मी आग्रह केला की ते म्हणायचे, "माले काहीच व्हस नही, मंग कसाले येऊ?" मॅडमनी त्यांना पोस्टकार्डे पाठवली. अडीच वर्षांनी नाना स्वतःहून आले ते उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून, आणि सोनोग्राफीत यकृतात नऊ सेंटिमीटरची गाठ दिसली. दोन सेंटिमीटरची असताना जिचे काही करता येते अशी ती गाठ होती. दिवाळी ते आखाजी एवढा काळ नाना आमच्यात राहिले.

नानांच्या तेराव्यानंतर मी मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, पोस्टकार्डे मी लिहितो. माझे अक्षर बरे आहे, आणि अहिराणीत दोन ओळी लिहिल्या तर माणूस कार्ड वाचून फेकून देत नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टर समोर घेऊन, ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांना मी कार्डे लिहीत असे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आशाताईंना किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाला फोन केला जाई. या कामाचा मी एक पैसाही घेतलेला नाही, आणि हे मोठेपणासाठी लिहीत नाही. हे काम किती कमी खर्चात चालत होते हे समितीला कळावे, एवढाच हेतू आहे.

बहिणीकडची गोष्ट वेगळी घडली. तिच्या मुलीत, म्हणजे माझ्या भाचीत, विषाणू होता. ती गरोदर राहिली तेव्हा मॅडमनी रजिस्टरमध्ये लाल पेनाने प्रसूतीची तारीख लिहिली, शेवटच्या महिन्यांत विषाणू दाबणारी गोळी सुरू केली आणि प्रसूतीगृहाला आधीच कळवून ठेवले. बाळ जन्मल्यावर बारा तासांच्या आत त्याला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे), दोन्ही टोचले गेले. ती पोर आता पहिलीत जाते आणि तिच्या रक्तात विषाणू नाही. आमच्या घरातला हा आजार एका शाखेत तरी तिथे थांबला. तो थांबला लाल पेनाच्या एका नोंदीमुळे, ही गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो.

समितीच्या चार ओळींच्या उत्तरात म्हटले आहे की, संशोधन हे या रुग्णालयाचे प्राथमिक काम नाही आणि अशा संशोधनासाठी मोठ्या शहरांत सक्षम संस्था आहेत. या म्हणण्याचा मी पुष्कळ विचार केला. मुंबई-पुण्याच्या संस्थांबद्दल मला आदरच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांच्यासारख्यांनी काविळीच्या विषाणूंवर केलेले काम देशाच्या उपयोगी पडले आहे. पण आजार जिथे असतो तिथे तो पहिल्यांदा कोणाला तरी दिसावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा लहान गावात, लांबच्या खोऱ्यात दिसतो.

१९७८ साली काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव, घरोघर फिरून रुग्ण मोजले. गरोदर स्त्रिया या साथीत फार मोठ्या प्रमाणात दगावत होत्या आणि रक्तात ए किंवा बी विषाणू सापडत नव्हता. १९८० साली त्यांनी लिहिले की हा कोणता तरी वेगळा विषाणू असावा. आज त्याला आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे पाणी दूषित होऊन जी प्रचंड साथ आली होती तीही याच विषाणूची होती, हे जुने साठवलेले नमुने तपासल्यावर ठरले. नमुने साठवलेले होते म्हणून ठरले, हे समितीने लक्षात घ्यावे.

आमच्या अधिक जवळचे उदाहरण १९७४ चे आहे. त्या वर्षाच्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांतल्या आदिवासी गावांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी भरू लागले. जवळपास चारशे रुग्णांपैकी शंभराहून अधिक दगावले. लोकांना ती नेहमीची कावीळ वाटली असती. पण त्या घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडून मरत होती, आणि ही गोष्ट कोणीतरी लिहून घेतली. माणसांची कावीळ कुत्र्यांना कशी होईल? मग घरातले धान्य पाहिले. अवकाळी पावसात भिजलेला मका बुरशी लागून काळा पडला होता आणि तोच माणसे खात होती, त्याच्याच भाकरी कुत्र्यांना पडत होत्या. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाने यकृते निकामी झाली होती. ती माणसे भिल्ल समाजाची होती आणि पीक मक्याचे होते. आपल्या नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांत हीच माणसे आहेत आणि हाच मका आहे; मळणीच्या दिवसांत अवकाळी पाऊसही आता नवा राहिलेला नाही. उद्या आपल्याकडे असे काही झाले, तर घरातल्या कुत्र्याबद्दल विचारणारे कोण उरले आहे?

मॅडम असे विचारत असत. त्या पोटाच्या रोग्याला घर कसले, पाणी कुठले, धान्य कशात ठेवता, शेतात काय फवारले, कोणती झाडपाल्याची औषधे घेतली, हे सगळे विचारून लिहीत. काविळीला आपल्याकडे माळ घालतात, मुळी देतात, देवडांगरीचे पाणी नाकात सोडतात. मॅडम त्यावरून कोणालाही रागावत नसत. त्या म्हणत, उरलेले औषध पुढच्या वेळी घेऊन या. लोक आणत. कोणी रुमालाच्या गाठीत, कोणी खताच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून. मॅडम ते लहान बाटल्यांत भरून त्यावर तारीख, गाव आणि रुग्णाचा क्रमांक लिहून कपाटात ठेवत. दोन फळ्या भरल्या होत्या. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले काही रुग्ण प्रसिद्ध केले आणि त्यावर मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंचे खरे-खोटे ठरवायचे तर रुग्णाने नेमके काय घेतले होते हे हातात असावे लागते. आमच्याकडे ते हातात होते.

अजून काही गोष्टी आमच्या भागाच्या आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांचे डोळे पिवळे दिसतात; घरचे कावीळ समजून उपचार करत राहतात आणि पित्ताशयातले खडे राहून जातात. पंचविशीतली माणसे रक्ताची उलटी घेऊन येतात, त्यांच्या पांथऱ्या (प्लीहा) बेंबीपर्यंत वाढलेल्या असतात, त्यांना लोक दारुडे ठरवतात. पण त्यांतल्या कित्येकांनी थेंबही घेतलेला नसतो आणि यकृतही बऱ्यापैकी चांगले असते, दोष असतो यकृतात रक्त नेणाऱ्या बारीक शिरांत. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना वेळेवर रबरी बँड बसवले तर ही माणसे पुढे अनेक वर्षे शेती करतात. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स नावाचा आजार हे दोन्ही इतके सारखे दिसतात की चांगले तज्ज्ञही चुकतात, आणि एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते. क्षयाच्या गोळ्यांनीच काहींच्या यकृताला सूज येते. शिवाय उंदीर मारायची पेस्ट आहे. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. रागाच्या भरात ती खाल्लेली तरुण सून किंवा शेतकरी पहिले दोन दिवस बरा दिसतो, घरी जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होऊन परत येतो. या विषावर उतारा नाही. असा रुग्ण बरा दिसला तरी घरी सोडायचा नाही, ही सूचना रुग्णालयात लागली ती मॅडमनी रजिस्टरमधले जुने रुग्ण एकत्र मांडून दाखवल्यावर.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार अशी की, निर्णय घेताना आम्हाला कोणी विचारले नाही आणि निर्णय झाल्यावर कळवलेही नाही. आम्ही प्रत्येकाने संमतीपत्रावर सही किंवा अंगठा दिलेला आहे. त्यात लिहिले आहे की अभ्यासात काही बदल झाला तर सहभागींना सांगितले जाईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली काढलेली नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही सहभागींच्या अशा हक्कांची दखल घेतात. दारावर कागद डकवणे म्हणजे सांगणे होत नाही. ज्यांनी अंगठे दिले ते तो कागद वाचू शकत नाहीत. अभ्यास मध्येच थांबवताना नैतिकता समितीपुढे विषय गेला होता का, हे मी अर्जात विचारले होते. उत्तर मिळालेले नाही.

दुसरी तक्रार नमुन्यांची आहे, आणि ती सर्वांत जड मनाने लिहितो. आमच्या रक्ताचे नमुने उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आधी लोडशेडिंग झाले की प्रयोगशाळेतले दादा स्वतः जनरेटर सुरू करायला धावत. एकदा ते लग्नाच्या हळदीतून उठून आल्याचे मला माहीत आहे. ओपीडी बंद झाल्यावर त्यांना दुसरीकडे काम दिले गेले. मे महिन्यातल्या एका शनिवारी वीज गेली ती सोमवारी लक्षात आली. मी मंगळवारी गेलो तेव्हा फ्रीझरचे दार उघडे होते, खाली फरशीवर पाण्याचे थारोळे वाळून त्याचा पांढरा डाग पडला होता, आणि ट्रेमधल्या बारक्या कुप्यांवरची लेबले ओली होऊन सुटली होती. त्यातले एक माझ्या बोटाला चिकटून आले. त्यावर फक्त क्रमांक होता. रजिस्टरशिवाय तो कोणाचा हे सांगता येत नाही. तो नानांचाही असू शकतो. अकरा वर्षांपूर्वीचे माझे रक्त आता पुन्हा कोणी काढू शकणार नाही. त्या पावरा भावाच्या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा हेच आहे, आणि ते त्याला समितीने द्यावे, मी नाही.

तिसरी तक्रार रजिस्टरांची. ती गोणपाटात बांधून जिन्याखालच्या खोलीत टाकली आहेत. त्या भिंतीला ओल आहे आणि वाळवीही आहे. मी ती पाहायला मागितली तर गोपनीयतेचे कारण सांगण्यात आले. गोपनीयता मला मान्य आहे. त्यात लोकांच्या खासगी गोष्टी आहेत. पण जे गोपनीय आहे ते वाळवीच्या हवाली कसे करता येईल?

चौथी, स्मरणाची साखळी तुटली. एप्रिलपासून एकही पोस्टकार्ड गेलेले नाही, एकही फोन गेलेला नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे आणि त्यातून बी व सी या दोन्हींच्या तपासण्या आणि औषधे मोफत मिळतात, हे खरे आहे व त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. सी च्या रोग्याने साधारण बारा आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. बी चे तसे नाही. त्याची गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते, आणि एखाद्याने ती मनाने एकदम बंद केली तर विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते. गोळी मोफत आहे, पण कोणी घ्यायची थांबवली आहे हे आता कोणाला कळणार? सर्वसाधारण ओपीडीत एका डॉक्टरसमोर शंभराच्या वर रांग असते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही; त्यांनी माझी फाइल हातात घेतली, जाडी पाहिली आणि खरोखर वाईट वाटून ते म्हणाले, सर, एवढे वाचायला माझ्याकडे वेळ नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. मॅडमना दुसऱ्या गावी रुजू होण्याचा आदेश मिळाला. बदली हा प्रशासनाचा अधिकार आहे. परंतु काम दुसऱ्या कोणाकडे सोपवण्यासाठी त्यांना पंधरा दिवसही दिले गेले नाहीत.

आणि जन्मतः द्यायच्या लसीबद्दल. हिपॅटायटिस बी ची लस २०११ पासून देशभर नियमित लसीकरणात आहे आणि तिचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत द्यायचा असतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांत जिथे अजून घरी बाळंतपणे होतात तिथे तो चोवीस तासांत पोचणे अवघड असते. मॅडमच्या रजिस्टरमध्ये विषाणू असलेल्या बायकांची वेगळी यादी होती. त्यातल्या कोण आता गरोदर आहेत, हे आजघडीला या इमारतीत कोणालाही माहीत नाही.

समितीची बाजू मला जेवढी समजली तेवढी मी प्रामाणिकपणे मांडतो. खोली डायलिसिससाठी हवी होती, असे मला तोंडी सांगण्यात आले. डायलिसिसची गरज मोठी आहे, माझ्या गावातले दोघे त्यासाठी खासगी दवाखान्यात जमीन विकून जातात. खोली जरूर द्यावी. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसू, मॅडम पूर्वी दोन वर्षे तिथेच बसत होत्या. दुसरे म्हणणे असे की, अकरा वर्षांत या कामातून फारसे शोधनिबंध निघाले नाहीत. माझ्या माहितीप्रमाणे ते खरे आहे. शोधनिबंध लिहायला जो वेळ लागतो तो मॅडमनी रुग्ण पाहण्यात घालवला, आणि त्यांना मदतनीस मिळावा म्हणून केलेले अर्ज मी स्वतः टाइप करून दिलेले आहेत. पण सावकाश बळावणाऱ्या आजाराचा अभ्यासही सावकाशच होणार. यकृत कडक व्हायला वीस-तीस वर्षे लागतात. अकराव्या वर्षी अशी वही बंद करणे म्हणजे कैऱ्या धरायच्या सुमारास आमराई तोडणे आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. बुधवारची पोट-यकृत ओपीडी, खोली असो वा नसो, पुन्हा सुरू करावी आणि तिथे या विषयाची माहिती असलेला डॉक्टर आठवड्यातून एक दिवस तरी नेमावा. मॅडमना परत आणणे शक्य नसेल तर महिन्यातून दोन दिवस त्यांना येण्याची परवानगी द्यावी. त्या येतील, याची मला खात्री आहे. नऊही रजिस्टरे या आठवड्यात जिन्याखालून काढून कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवावीत, त्यांची यादी करावी आणि ती जबाबदार व्यक्तीच्या सहीने ताब्यात द्यावीत. संगणकावर नोंदी चढवण्याचे काम आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी विनामूल्य करायला तयार आहेत, गोपनीयतेची हमी लेखी देऊन.

डीप फ्रीझरमध्ये काय वाचले आणि काय गेले, याचा लेखी अहवाल द्यावा आणि ज्यांचे नमुने गेले त्यांना त्यांच्या भाषेत, अहिराणीत, पावरीत, भिलीत, बोलावून सांगावे. यात कोणाला शिक्षा व्हावी अशी माझी मागणी नाही. झाडपाल्याच्या औषधांच्या बाटल्यांचे कपाट कुठे आहे ते कळवावे. ते भंगारात गेले नसेल अशी आशा आहे. विषाणू असलेल्या आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांची यादी तातडीने काढून त्यांच्या त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना द्यावी. हे काम बाकी सर्व गोष्टींच्या आधी व्हावे, कारण बाळंतपणे समितीच्या बैठकीसाठी थांबत नाहीत. आणि समितीच्या पुढच्या बैठकीत दोन रुग्णांना, ज्यांत एक तरी सातपुड्यातला असेल, पाच मिनिटे बोलू द्यावे.

२८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन आहे. बी विषाणूचा शोध लावणारे डॉ. बारूख ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. दरवर्षी त्या दिवशी रुग्णालयात कार्यक्रम होतो आणि गेली सहा वर्षे त्यात रुग्णांच्या वतीने मी दोन शब्द बोलत आलो आहे. यंदाही बोलावले तर येईन. त्याआधी वरील मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे, अशी विनंती आहे.

एक गोष्ट राहिली. एप्रिलमध्ये चुकलेली माझी सोनोग्राफी मी बाहेर पैसे भरून करून घेतली. मी पेन्शनर आहे, मला ते परवडले. त्या दिवशी माझ्या मागे उभे असलेले पावरा जोडपे न तपासता परत गेले. बाईंचे पोट पाण्याने फुगलेले मी पाहिले होते. त्यांचे नाव मी विचारले नाही, ही माझी चूक. त्यांचा पाडा आणि शेजाऱ्याचा फोन नंबर सातव्या किंवा आठव्या रजिस्टरमध्ये असणार. त्यांना कोणी बोलावले का, एवढे मला उलट टपाली कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक,
पोट-यकृत ओपीडीचा अकरा वर्षांचा रुग्ण